फेसपेशी: धमनीतलं ‘खवट’ कोलेस्टेरॉल आपल्याच रक्षकपेशी कशा खातात

‘धमनीत कोलेस्टेरॉल साचतं’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किचन सिंकचा पाइप येतो. आतून चिकट थर बसला, थर जाड झाला, पाणी तुंबलं. रील्समधली अॅनिमेशनंही हेच दाखवतात: लाल नळी आणि तिच्या आत पिवळा चिखल. हे चित्र चुकीचं आहे आणि बाकीचे बरेच गैरसमज त्यातूनच येतात. कोलेस्टेरॉल नळीच्या आतल्या बाजूला चिकटत नाही, ते अस्तराच्या मागे, भिंतीच्या आत शिरतं. सुरुवातीच्या काळात तिथलं बरंचसं कोलेस्टेरॉल मोकळंही पडलेलं नसतं, ते जिवंत पेशींच्या पोटात असतं. या पेशी आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या असतात. इंग्रजी नाव मॅक्रोफेज, मराठीत भक्षकपेशी. चरबी खाऊन त्या इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फोम सेल किंवा फेसपेशी म्हणतात.

(शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी म्हणायचे. दोन्ही एकच. इथे मी धमनीच लिहितोय.)

मी डॉक्टर नाही. मानपाड्याला राहतो, सॉफ्टवेअर लिहितो. या विषयात शिरलो त्याला दोन कारणं झाली. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एलडीएल १४१ आलं. वय २८. अॅपमध्ये त्या आकड्यापुढे लाल बाण होता आणि बाणाच्या बरोबर खाली ‘आर्टरी डिटॉक्स’ गोळ्यांची जाहिरात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आमच्या टीमच्या लीडला ३९व्या वर्षी हार्ट अटॅक आला. माणूस सडपातळ, आणि चार महिन्यांपूर्वीची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल. स्टेंट बसला, आता बरा आहे. पण ‘टेस्ट नॉर्मल होती मग हे झालं कसं’ या प्रश्नाचं उत्तर मला पाइपच्या चित्रात सापडेना. फेसपेशींच्या गोष्टीत सापडलं.

एलडीएल हे पार्सल आहे

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून न्यायचं तर पॅकिंग लागतं. एलडीएल म्हणजे असा एक पॅक केलेला कण. व्यास साधारण २२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत असे सुमारे ४५ हजार कण बसतील. आत कोलेस्टेरॉल, बाहेर फॉस्फोलिपिडचं पातळ आवरण, आणि त्याभोवती पट्ट्यासारखं गुंडाळलेलं एकच भलंमोठं प्रथिन, एपोबी-१००. एका कणावर एकच एपोबी असतं, हे लक्षात ठेवा. शेवटी उपयोगी पडेल.

हे प्रथिन म्हणजे पार्सलवरचा पत्ता. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर असतो. तो पत्ता वाचतो, कण आत ओढतो, माल उतरवतो आणि साधारण दहा मिनिटांत परत पृष्ठभागावर हजर होतो. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा शोधली, त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. यातला सर्वांत सुंदर भाग असा की पेशीत पुरेसं कोलेस्टेरॉल झालं की पेशी नवे रिसेप्टर बनवणंच कमी करते. आमच्या भाषेत याला रेट लिमिट म्हणतात. सर्व्हरवर लोड वाढला की नव्या रिक्वेस्ट घ्यायच्या नाहीत.

मग इथे एक कोडं उभं राहतं. काही मुलांमध्ये जन्मापासूनच एलडीएल रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यांचं एलडीएल ५००च्याही वर जातं, त्वचेवर आणि स्नायुबंधांवर पिवळ्या गाठी येतात, शाळकरी वयात हृदयविकार होतो. आणि त्यांच्या धमन्यांत काय सापडतं? कोलेस्टेरॉलने गच्च भरलेल्या भक्षकपेशी. रिसेप्टरच नाही, तर माल आत गेला कुठून?

मागचा दरवाजा

प्रयोगशाळेतही तोच घोळ होता. भक्षकपेशींना डिशमध्ये नेहमीचं ताजं एलडीएल दिलं तर त्या फारसं घेत नव्हत्या. कितीही ओता, फेसपेशी काही बनेना. १९७९ साली गोल्डस्टीन आणि ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेने एलडीएलवर एक रासायनिक फेरफार करून पाहिला: ॲसिटिल गट जोडले. आणि भक्षकपेशी त्यावर तुटून पडल्या. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांपैकी एक संदीप बसू हे भारतीय शास्त्रज्ञ, जे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे संचालक झाले. आपल्याकडच्या बहुतेक लेखांत हे नाव येतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

फेरफाराने नेमकं काय बदललं? एपोबीवर लायसिन नावाच्या अमिनो आम्लांमुळे धन विद्युतभार असतो. ॲसिटिल गट बसले की तो भार झाकला जातो आणि एकूण कण जास्त ऋण होतो. नेहमीच्या रिसेप्टरला आता पत्ता वाचता येत नाही. पण भक्षकपेशीवर वेगळेच रिसेप्टर असतात, ते असा ऋणभारित माल ओळखून उचलतात. त्यांना स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात, आपण कचरावेचे रिसेप्टर म्हणू. त्यातला पहिला, एसआर-ए, १९९०मध्ये जपानी संशोधक तात्सुहिको कोडामा आणि सहकाऱ्यांनी जनुकासकट ओळखला. नंतर सीडी३६, लॉक्स-१ अशी यादी वाढत गेली.

आणि या दरवाजाला रेट लिमिट नाही. पेशीत कितीही कोलेस्टेरॉल झालं तरी तो बंद होत नाही. उलट सीडी३६च्या बाबतीत तर आत आलेल्या मालातले काही घटक आणखी सीडी३६ बनवायला सांगतात. असा कोड कोणी रिव्ह्यूला पाठवला तर मी पहिल्या ओळीवरच परत पाठवीन.

पण शरीराने असा धोकादायक दरवाजा ठेवलाच का? कारण तो एलडीएलसाठी बनलेलाच नाही. काही जिवाणूंच्या भिंतीतले घटक आणि मरत चाललेल्या आपल्या पेशी उचलणं हे त्याचं मूळ काम. जखम झाली, जंतू शिरले, तर ‘बस, पोट भरलं’ म्हणणारी भक्षकपेशी काय कामाची? लाखो वर्षं हा सौदा फायद्याचाच होता. बिघडलेला एलडीएल कण दिसायला त्या कचऱ्यासारखा असतो, म्हणून पेशी तो उचलते. तिच्या नियमांप्रमाणे ती बरोबरच वागते.

एलडीएल ‘खवट’ होतं म्हणजे काय

शरीरात ॲसिटिल जोडलेलं एलडीएल दखल घेण्याइतकं काही सापडत नाही. मग खऱ्या धमनीत काय होतं? १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या गटाने, ज्यात डॅनियल स्टाइनबर्ग होते, दाखवलं की एलडीएल धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत नुसतं ठेवलं तरी ते बदलतं आणि मग भक्षकपेशी ते आवडीने खातात. पुढच्या काही वर्षांत कळलं की हा बदल म्हणजे ऑक्सिडेशन.

याला मराठीत नेमका शब्द आहे: खवट. डब्यात राहिलेले शेंगदाणे किंवा दिवाळीनंतर महिनाभर उरलेला चिवडा खवट लागतो, कारण त्यातल्या असंतृप्त चरबीवर ऑक्सिजनची क्रिया होऊन अल्डिहाइडसारखी संयुगं बनतात. एलडीएलच्या आवरणातही असंतृप्त चरबी असते, आणि रसायनशास्त्र जवळजवळ तेच. ही अल्डिहाइडं जाऊन बसतात कुठे? एपोबीच्या त्याच लायसिनवर. धन भार पुन्हा झाकला जातो, कण ऋण होतो, कचरावेचे रिसेप्टर जागे होतात. १९७९चा कृत्रिम प्रयोग आणि शरीरातली खरी घटना इथे जुळतात.

रक्तात फिरताना एलडीएल सहसा खवट होत नाही, कारण तिथे ऑक्सिडेशन रोखणारे बरेच पदार्थ असतात. ते खवट होतं भिंतीत अडकल्यावर. धमनी जिथे वळते किंवा तिला फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह विस्कळीत असतो, अस्तर जरा सैल असतं, आणि मागच्या थरात प्रोटिओग्लायकन नावाचे ऋणभारित रेणू असतात. एपोबीचा धन भाग त्यांना चिकटतो. कणांची संख्या जितकी जास्त तितके जास्त अडकतात. अडकलेला कण तिथे पडून राहतो आणि हळूहळू बिघडतो. सिगारेटचा धूर या बिघाडाला वेग देतो, आणि मधुमेहात साखर चिकटूनही कण बदलतो.

बिघाडाचा वास लागल्यासारखं अस्तर मग रक्तातल्या मोनोसाइट पेशींना बोलावतं. त्या अस्तराला चिकटतात, फटीतून मागे शिरतात आणि तिथे भक्षकपेशी बनतात. जेवणाचं ताट समोरच असतं.

हे सगळं प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथला पेशीसंग्रह देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतो. या विषयातल्या प्रयोगांत टीएचपी-१ नावाची पेशीमालिका खूप वापरतात. ठरावीक रसायन दिलं की त्या पेशी तळाला चिकटून भक्षकपेशींसारख्या होतात. मग त्यांना ऑक्सिडाइज्ड एलडीएल द्यायचं, एक-दोन दिवस थांबायचं आणि ‘ऑइल रेड ओ’ हा रंग टाकायचा. पेशींच्या आत लाल थेंबच थेंब दिसतात. त्याचे फोटो इंटरनेटवर आहेत, नक्की शोधा, कुठल्याही अॅनिमेशनपेक्षा भारी.

पोटात गेलेल्या कोलेस्टेरॉलचं पुढे काय

पेशी कण फोडते, कोलेस्टेरॉल मोकळं करते. मोकळं कोलेस्टेरॉल जास्त झालं तर पेशीला विषारी, म्हणून एक एन्झाइम त्याला फॅटी ॲसिड जोडून थेंबांच्या रूपात साठवतं. हेच ते फेसासारखे थेंब. बाहेर काढायची वाटही आहे: एबीसीए-१ सारखे पंप कोलेस्टेरॉल बाहेर ढकलतात, एचडीएल ते उचलून यकृताकडे नेतं.

घंटागाडीचं उदाहरण घ्या. गल्लीगल्लीतून कचरा उचलला जातोय, पण डम्पिंगला जायचा रस्ता अरुंद आहे. गाडी भरली तरी लोक कचरा टाकतच राहतात. शेवटी ती गाडी जागेवरच बंद पडते आणि तीच कचरा होते. मग ती उचलायला दुसरी गाडी येते, आणि तीही तिथेच अडकते.

पेशीच्या आत कोलेस्टेरॉलचे स्फटिकही बनतात. २०१०मध्ये नेचर या पत्रिकेत आलेल्या संशोधनाने दाखवलं की हे स्फटिक पेशीतला एनएलआरपी-३ हा धोक्याचा अलार्म वाजवतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह वाढवणारा संदेश बाहेर पडतो. हा दाह फक्त सोबतीला असतो की खरंच नुकसान करतो? याचं उत्तर २०१७च्या कॅन्टोस चाचणीने दिलं. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले १० हजारांहून जास्त रुग्ण, आणि फक्त इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं औषध. एलडीएल अजिबात कमी झालं नाही, तरी मधल्या डोसवर हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे हे औषध हृदयासाठी सरसकट वापरात आलं नाही. रक्षकपेशींचा आवाज बंद केला की त्याची किंमत मोजावी लागते.

आता आमच्या लीडच्या प्रश्नाकडे. फेसपेशी मरतात. मेलेल्या पेशी वेळेत उचलल्या गेल्या नाहीत की मध्ये चरबी आणि पेशींच्या अवशेषांचा लगदा तयार होतो. वर तंतूंचं झाकण असतं. भक्षकपेशी त्या झाकणाचे तंतू कुरतडणारी एन्झाइमं सोडतात. झाकण पातळ झालं आणि एके दिवशी फाटलं, तर आतला लगदा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होते. हाच हार्ट अटॅक. फाटण्याआधी त्या जागी नळी फारशी अरुंद असायलाच हवी असं नाही. ट्रेडमिल टेस्ट तपासते ती रक्तप्रवाहाची अडचण. भिंतीच्या आतला मऊ लगदा तिला दिसत नाही. टेस्ट खोटं बोलली नाही, तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

गोष्ट इतकी सरळही नाही

ऑक्सिडेशनच गुन्हेगार असेल तर ऑक्सिडेशन रोखणाऱ्या गोळ्या द्या, काम संपलं, असं वाटतं ना? तेच करून पाहिलं. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी सुमारे निम्म्यांना व्हिटॅमिन ई दिलं. काहीही फरक पडला नाही. २००५मध्ये उंदरांतून एसआर-ए किंवा सीडी३६ काढून टाकूनही धमनीतले डाग अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. म्हणजे आत जायला आणखी वाटा आहेत. खवट न झालेले पण गुठळ्या झालेले कणही पेशी गिळतात. शिवाय धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीही फेसपेशी बनतात, हे आता मान्य झालंय.

माझं मत असं बनलं की मागचे दरवाजे मोजत बसण्यापेक्षा आवारात किती पार्सलं येतात ते पाहणं जास्त कामाचं. १९१३मध्येच रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खायला घालून त्यांच्या धमन्यांत असेच चरबीने भरलेले डाग दाखवले होते. आणि स्टॅटिन औषधं, ज्यांची सुरुवात जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात बुरशीत सापडलेल्या पदार्थापासून झाली, ती नेमकं हेच करतात. यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी होतं, यकृत जास्त रिसेप्टर बाहेर काढतं, रक्तातले कण घटतात. ऑक्सिडेशनला हात न लावता हार्ट अटॅक कमी होतात.

बारीक माणसाला, तेही इतक्या लवकर?

२००७मध्ये जामा या पत्रिकेत आलेल्या अभ्यासाचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. दक्षिण आशियात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय ५३, इतर देशांत सुमारे ५९, असं त्यात दिसलं. जवळपास सहा वर्षांचा फरक.

आणि ‘बारीक’ शब्दावर विश्वास ठेवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या अशा शरीरात बऱ्याचदा ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचे कण लहान व दाट असतात. लहान कण भिंतीत सहज शिरतात आणि लवकर खवट होतात.

वयाचं म्हणाल तर कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३मध्ये आला. सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत बदल सुरू झालेले होते. पंचविशीत हे सगळं सुरू असू शकतं, फक्त जाणवत नाही.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांसाठी एक जोड: हवेतल्या पीएम २.५ कणांचाही या आजाराशी संबंध आहे, आणि दाह व ऑक्सिडेशन वाढणं हा त्यामागचा एक मार्ग मानला जातो. मेट्रोचं काम, ट्रक, धूळ. यावर माझ्याकडे खिडकी बंद करण्यापलीकडे उपाय नाही.

रिपोर्ट वाचताना

पीडीएफमधलं एलडीएल बऱ्याचदा मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. १९७२चं फ्रिडवाल्ड सूत्र: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. माझं एकूण २१२, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १५०. म्हणून २१२ – ४१ – ३० = १४१. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हे सूत्र वापरत नाहीत, आणि त्याच्या खालीही ते जितकं जास्त तितका आकडा कमी विश्वासाचा.

त्यापेक्षा नॉन-एचडीएल पाहा, म्हणजे एकूण वजा एचडीएल. माझं १७१. यात धमनीत अडकू शकणारे सगळे प्रकारचे कण येतात. आणि शक्य असेल तर एपोबी तपासा. एका कणावर एकच एपोबी, म्हणून एपोबीचा आकडा म्हणजे थेट कणांची मोजदाद. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोका असलेल्यांनीही एलडीएल १००च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३०च्या खाली ठेवावं. जास्त धोक्यात एलडीएल ७०च्या, आणि अतिधोक्यात ५५च्या खाली. अॅपमधला लाल बाण तुमचा धोका कोणत्या गटातला ते सांगत नाही. ते डॉक्टर ठरवतात: वय, बीपी, साखर, सिगारेट, घरातला इतिहास बघून.

डिटॉक्स गोळ्यांबद्दल एवढंच: त्या बाटलीवर कोणत्या चाचणीत किती लोकांचे हार्ट अटॅक कमी झाले ते शोधा. मला सापडलं नाही.

आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए तपासून घ्या. हा एलडीएलचाच भाऊबंद. खवट झालेले फॉस्फोलिपिड तो अंगावर वागवत फिरतो, आणि त्याची पातळी मुख्यतः जनुकांनी ठरते, डाएटने फारशी हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि एलडीएल १९०च्या वर असेल तर ते ‘वडापाव जास्त झाले’ म्हणून सोडून देऊ नका. सुमारे २५० ते ३०० लोकांत एकाला रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली मिळते. ती आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते, आणि प्रत्येक सख्ख्या भावंडातही ती असण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे अशा घरात एकाचा रिपोर्ट आला की आईवडील, भावंडं आणि मुलं, सगळ्यांचीच तपासणी करतात.